राखेचा सरवा

आमच्या कंपनीत नवा माणूस कामाला लागला की त्याला सुरक्षिततेचे नियम समजावून सांगायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. ते मी मन लावून करतो. हे नियम तुम्ही कुठं शिकलात, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर खरं सांगेन की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो.

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट आहे. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. पिंपरीला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं एकेक कारखाना उभा राहत होता, आणि दोन कारखान्यांच्या मधे अजून बाजरीची शेतं होती. आमची कंपनी लहान. पिकावर मारायची कीडनाशक पावडर आम्ही बनवायचो. तिच्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, असे. मी इंटर सायन्सपर्यंत शिकून सातारा जिल्ह्यातून आलो होतो आणि प्रयोगशाळेत मदतनीस होतो. घरी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. नोकरी गेली तर काय, हा विचार मी झोपेतही करत असे. हे सांगतोय ते सबब म्हणून नव्हे. पण माझ्या डोक्यात त्या दिवसांत दुसरं काही नसायचं, हेही खरं आहे.

प्रयोगशाळेतलं काम नसेल तेव्हा मला विक्रीच्या माणसाबरोबर चाकणच्या बाजारात पाठवत. तिथं शेतकऱ्यांसमोर पावडर दाखवून मी सांगायचो की हिनं फक्त किडे मरतात, माणसाला आणि जनावराला काही होत नाही. असं सांगायला मला शिकवलं होतं, आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं.

चैत्रातल्या एका दुपारी गोदामाला आग लागली. आत लाकडी खोकी, खोक्यांत भरायचं वाळलं गवत आणि पावडरीच्या गोण्या. पुण्याहून बंब येईपर्यंत छताचे पत्रे खाली आले होते. माणूस कुणी गेलं नाही. जळताना सगळीकडे लसूण करपल्यासारखा वास येत होता. आमचे केमिस्ट रुमाल नाकाला लावून लांब उभे होते. त्यांनी मला हाताला धरून वाऱ्याच्या उलट्या बाजूला ओढलं आणि म्हणाले, हा वास लसणाचा नाही, सोमलाचा आहे.

केमिस्ट पन्नाशीचे, कमी बोलणारे, पुण्याहून रोज गाडीनं येणारे गृहस्थ होते. आग थंड झाल्यावर त्यांनी मला बोलावून गोदाम कसं साफ करायचं ते सांगितलं. झाडू लावायचा नाही, धूळ उडता कामा नये. आधी झारीनं पाणी शिंपडायचं, राख भिजली की फावड्यानं उचलून ड्रममध्ये भरायची आणि झाकण ठोकायचं. काम करणाऱ्यानं नाकातोंडाला फडकं बांधायचं, जेवण लांब जाऊन करायचं, त्याआधी हात साबणानं धुवायचे. विहिरींपासून दूर, उंचावरच्या मुरमाड जागेत खड्डा खणून, तळाला चुना घालून ड्रम पुरायचे. आणि मागच्या नाल्यात एक घमेलंसुद्धा टाकायचं नाही, कारण नाला पवनेला मिळतो आणि खालची गावं नदीचं पाणी पितात. सोमल जळून जात नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. लाकूड जळतं, गवत जळतं, गोणी जळते. सोमलाचा काही भाग धुरावाटे जातो, उरलेला राखेत बसून राहतो.

हे सगळं सांगून दुसऱ्या दिवशी ते मुंबईला गेले. आग कशी लागली याचा जाब द्यायला मालकांनी बोलावलं होतं. दोन दिवसांत येतो म्हणाले, त्यांना पाच दिवस लागले.

कामाला पवनेकाठच्या गावातल्या नऊ बायका होत्या. त्यांच्यातलीच एक मुकादमीण होती. पंचेचाळिशीची, उंच, काष्टा घट्ट मारलेली. तिच्या घरची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली होती, एक तुकडा उरला होता. ती मला भाऊसाहेब म्हणायची, मी तिला मावशी म्हणायचो. राखेत काय आहे ते बायकांना सांगायचं नाही, असं मॅनेजरनं मला बजावलं होतं. सांगितलं तर मजूर पळतील, म्हणाला. मी फडकी बांधायला लावली, झाऱ्या दिल्या, साबणाच्या वड्या दिल्या. मुकादमिणीनं साबण हुंगून विचारलं की जावयासारखी ही बडदास्त कशापायी. मी म्हणालो, साहेबांचा हुकूम आहे.

पहिले दोन दिवस काम नियमाप्रमाणं झालं. तिसऱ्या दिवशी ड्रम संपले. मी मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, ड्रम मालासाठी असतात, राखेसाठी नाही. विम्याचा माणूस परवा येणार, त्याआधी जमीन मोकळी हवी. टाक मागं नाल्यात. मी केमिस्टचं नाव काढलं तर म्हणाला, ते इथं आहेत का?

नाल्यात टाकायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्याचा मला अभिमानही वाटला. दुपारभर मी गोदामाच्या कोपऱ्यातल्या राखेच्या ढिगाकडे बघत बसलो. तो भाग बंबाच्या पाण्यापासून वाचला होता. खोकी आणि गवत पुरतं जळून तिथं पांढुरकी, पिठासारखी मऊ राख झाली होती. चुलीतल्या राखेत खडे, कोळसे, अर्धवट गोवऱ्या असतात. हिच्यात काही नव्हतं. दिवस कलल्यावर मुकादमीण माझ्याजवळ आली.

"भाऊसाहेब, ह्यो सरवा आमाला ऱ्हाऊ द्या."

सरवा म्हणजे काय हे ज्यांनी शेत पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीक काढून मालकानं पेंढ्या घरी नेल्या की रानात जी कणसं पडून राहतात, ती कापणीच्या बायकांची. मालकानं ती मोजायची नसतात, द्यायचीही नसतात. भला मालक अशा वेळी पाठ फिरवून बांधावरून चालू लागतो, आणि ती पाठ फिरली की बायका वाकतात. मागायची आणि द्यायची दोघांचीही लाज त्यात राखली जाते. माझ्या गावीही असंच होतं.

राख कशाला हवी, हे मी विचारलं. ती म्हणाली, बियाला. मृगापर्यंत हुलगे-मटकीचं बी रांजणात राखेत घोळवून ठेवतात, म्हणजे भुंगा लागत नाही. घरची राख सगळी उकिरड्यात गेलेली, एवढी मऊ राख एकदम कुठं मिळते. मग तिनं जे सांगितलं ते मी आजवर विसरू शकलो नाही.

"आनि तुमच्या पावडरीचा अंश आसंल ह्यात, तर बरंच की. तुमीच बाजारात सांगत व्हता, किडा मरतो, मानसाला काय बी व्हत न्हाई."

ती थट्टा करत नव्हती. तिनं माझं ऐकून, माझ्यावर विश्वास ठेवून, पुढचा हिशेब स्वतः मांडला होता. मी त्या वेळी एवढंच म्हणायला हवं होतं की मावशी, ते खोटं आहे. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. मी पाठ फिरवली आणि फाटकाकडे चालू लागलो.

त्या संध्याकाळी नऊ पाट्या गावात गेल्या. उरलेली थोडी राख शेवटच्या ड्रममध्ये मावली. विम्याचा माणूस आला तेव्हा जमीन धुतल्यासारखी होती, आणि मॅनेजरनं माझ्या पाठीवर थाप मारली.

केमिस्ट परत आले आणि आल्या आल्या त्यांनी एका ड्रममधली चमचाभर राख तपासायला घेतली. सोमल असला तर नळीच्या तोंडावरच्या कागदावर पिवळा डाग उमटतो. तो डाग बघता बघता गडद तपकिरी झाला. असा डाग मी प्रयोगशाळेतही कधी पाहिला नव्हता. चिमूटभर पोटात गेली तर माणूस दोन दिवस काढणार नाही, असं ते कागदाकडे बघत म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की सगळी ड्रममध्ये गेली ना.

मी "हो" म्हणालो.

सुट्टी झाल्याबरोबर मी गावात गेलो. चालत अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात मी काय सांगायचं ते ठरवत होतो. विष आहे असं सांगितलं तर बायका उद्या फाटकावर येतील, केमिस्टना कळेल मी खोटं बोललो, मॅनेजरला कळेल मी मजुरांना फोडलं. राख परत मिळाली म्हणजे झालं, असं मी मनाशी म्हटलं. ती का परत हवी याच्याशी राखेला काय करायचं आहे.

मुकादमिणीच्या अंगणात मी बायका गोळा केल्या आणि म्हणालो, राख कंपनीचा माल आहे, मॅनेजरसाहेबांनी परत मागवली आहे.

मग एक म्हातारी, जी कामालाही येत नव्हती, नुसती ओट्यावर बसली होती, ती म्हणाली, "राख बी कंपनीची व्हय? मग आमी मेल्यावर आमची बी तिथंच जमा करा म्हनावं, नदीला कशाला."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, हे मला सांगितलं पाहिजे. मुकादमीण तेवढी हसली नाही. सोडलेला सरवा कुणी माघारी नेत नाही, असं ती जमिनीकडे बघत म्हणाली आणि आत गेली. इतर बायकाही घरोघर गेल्या. गाडीवाल्याला मी बरोबर नेलं होतं, त्याच्या बैलगाडीत रिकामी पिंपं होती. एकेक पाटी येत गेली. नऊ गेल्या होत्या, नऊ आल्या. मुकादमिणीची शेवटी आली. पाटी रिकामी करताना मला राखेत गोवरीचा तुकडा दिसला, मग आणखी एक. आमच्या गोदामात गोवऱ्या जळालेल्या नव्हत्या.

ती चुलीतली राख आहे हे मला तिथल्या तिथं कळलं. तिनंही बहुधा मला कळलेलं पाहिलं. मला एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्यापाठोपाठ दुसरं बोलावं लागलं असतं आणि मग तिसरं. आकडा जुळला होता. मी गाडीवाल्याला चल म्हणालो आणि पिंपं थेट मुरमातल्या खड्ड्याकडे नेली.

त्या रात्रीपासून मी रोज मनाची समजूत घालत होतो. बियातली राख कोण खातं? मृगाला पेरताना मातीतच जाणार. पाखडताना नाकात जाईल हे मला सुचायचं आणि मी दुसरा विचार करू लागायचो. रोज सकाळी फाटकावर मुकादमीण दिसली की मला बरं वाटायचं.

बाराव्या का तेराव्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या बाईनं सांगितलं की तिची दुभती म्हैस गेली. रांजणात भरून उरलेली राख तिनं गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवली होती, म्हशीनं पोतं चाटलं. राख खारट लागते, जनावराला आवडते. रात्री म्हशीला रक्ताची ढाळ लागली आणि उजाडता तिनं मान टाकली. घरात सून आणि मुकादमीण दोघींना उलट्या होत होत्या, सुनेच्या अंगावर पिणारं मूल होतं. गावात कुणी म्हणत होतं करणी, कुणी म्हणत होतं खरवस बाधला.

मी मॅनेजरला न विचारता फाटकातून बाहेर पडलो. पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. राखेत सोमल आहे. भांडी त्याच राखेनं घासली का, म्हणून विचारलं. तिनं मानेनंच हो म्हटलं. मग तिनं मला फौजदारानं विचारावं तसं विचारलं.

"आमी नेली त्या दिशी तुमाला ठाव व्हतं?"

"हो."

"माघारी न्यायला आलात तवा बी?"

"हो, मावशी."

"मग इख हाय, येवढं म्हनायला काय जड व्हतं? तुमी म्हनलात कंपनीचा माल हाय. म्हून तर मी ठेवली. आमची जिमीन बी अशीच कंपनीची झाली, म्हनलं राख तरी न्हाई द्यायची. इख म्हनला असता, तर उंबऱ्याच्या आत ठेवली असती व्हय मी?"

ती भिंतीचा आधार घेत उठली. सुनेला ओरडून मुलाला अंगावर पाजू नको म्हणाली, चुलीवरचं कालवण बाहेर ओतायला लावलं, आणि त्या अशक्त पायांनी घरोघर निघाली. मी मागून चालत होतो. प्रत्येक दारात ती एकच शब्द बोलायची, इख. लगेच आतून मडकी, पाट्या, गाडगी बाहेर यायची. तिच्यासारख्या आणखी चौघींनी चुलीतली राख भरून दिली होती. जो शब्द मला दोन-अडीच आठवड्यांत उच्चारता आला नाही, तो तिनं गावात पसरवायला तासही लागला नाही.

केमिस्टना मी त्याच दुपारी सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही मला हो म्हणाला होता." त्यांनी पुण्याहून डॉक्टर आणवला, स्वतः ड्रम घेऊन गावात आले, फडकी बांधून आम्ही दोघांनी रांजण रिकामे केले. राखेबरोबर बीही गेलं, ते वेगळं करता येणार नव्हतं. पाच घरांचं पेरणीचं बी आम्ही मुरमात चुन्यावर पुरलं. घासलेली भांडी बायकांकडून चिंच आणि साबण लावून पुनःपुन्हा धुऊन घेतली, त्या पाण्यासाठीही वेगळा खड्डा खणला. माणसं सगळी वाचली. मुकादमिणीच्या तळहाताची कातडी पुढं जाड होऊन भेगाळत गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आणखी कुणाला काय झालं ते मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

बरी झाल्यावर ती आठ बायकांना घेऊन मॅनेजरकडे आली. मलाही आत बोलावण्यात आलं. तिनं म्हशीचं नाव काढलं नाही, बियाचंही नाही. तिचं मागणं एकच होतं. यापुढं आम्ही काही उचलायच्या आधी त्यात काय आहे ते आम्हाला सांगायचं.

मॅनेजरनं तिच्याकडे न बघता मला विचारलं की ही राख बायकांना कुणी दिली.

मी म्हणालो, "मी दिली नाही. त्यांनी नेली."

शब्द न् शब्द खरा होता. मुकादमिणीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती आता शिव्या देईल.

"बराबर हाय, साहेब," ती मॅनेजरला म्हणाली. "त्यांनी दिली न्हाई. त्यांनी पाठ फिरवली." आणि बायकांना घेऊन ती बाहेर गेली. मॅनेजरला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. त्यानं कागदावर लिहिलं की मजूर बायकांनी कंपनीच्या आवारातून परवानगीशिवाय अवशेष नेले, आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. त्या सहीनं त्या नऊजणी चोर ठरल्या. केमिस्टना हे कळलं तेव्हा त्यांनी मला प्रयोगशाळेतून काढून बाहेरच्या कामावर लावायला सांगितलं. वर्षभरात ते दुसरीकडे गेले. माझी नोकरी टिकली.

आठ दिवसांनी मॅनेजरनं मला नवी टोळी आणायला पाठवलं. गावातल्या बायका फार विचारतात, म्हणाला, लांबच्या आण. मी कंपनीचा ट्रक घेऊन चाकणच्याही पुढं गेलो आणि माळावर दुष्काळातून उतरलेली माणसं होती, त्यांतल्या बारा बायका आणल्या. ट्रकमध्ये त्या एकमेकींना धरून बसल्या होत्या, पहिल्यांदाच मोटारीत बसल्यामुळं घाबरलेल्या. त्यांना जळक्या पत्र्यांवरचा थर खरवडायला लावायचं होतं.

पत्र्यांपाशी उभं राहून मी त्यांना झाऱ्या दिल्या, साबण दिला, नाकातोंडाला फडकं कसं बांधायचं ते स्वतः बांधून दाखवलं. त्यांनी लगेच बांधलं. कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. मॅनेजर खिडकीत उभा होता. मी सांगितलं नाही.